फेरारीचा घोडा असलेली कोल्नागो: संग्रहाला घ्यावी तर कोणती?

आडवाट:
सायकली बनवणारी कोल्नागो आणि मोटारी बनवणारी फेरारी, या दोन इटालियन कंपन्यांची नावं असलेली सायकल आपल्याकडे असावी, ही इच्छा बरीच वर्षं मनात आहे. विक्रीला येणाऱ्या सायकली बघता बघता एक मत पक्कं झालंय. पटलं नाही तर खोडून काढा.

मोटारवाल्यांचं डोकं ज्या सायकलीच्या सांगाड्यात उतरलं, तीच संग्रहाला घ्यावी. जिच्यावर नुसता लाल रंग आणि घोड्याचं चित्र आहे, तिच्यात पैसे घालू नयेत.

एर्नेस्तो कोल्नागो यांनी १९५४ मध्ये मिलानजवळच्या कांबियागो गावात कारखाना काढला. माणूस अस्सल पोलादातला. १९७२ मध्ये बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोल्नागोंच्याच पोलादी सायकलवर. असा माणूस १९८६ च्या सुमारास मारानेल्लोला, फेरारी कंपनीच्या गावी, तिचे संस्थापक एन्झो फेरारींकडे गेला आणि कार्बन फायबरच्या नादाला लागला. फेरारीच्या इंजिनियरांबरोबर आधी ‘कॉन्सेप्ट’ नावाची प्रायोगिक सायकल झाली, मग १९८९ मध्ये कारखान्याच्या पस्तिशीला सी-३५ आली. एन्झो त्याआधीच, ऑगस्ट १९८८ मध्ये गेले होते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सरळ फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी चिमटा. तोवर फोर्कचे पाय खाली पुढच्या बाजूला वाकवलेले असायचे. वाकलेलं पोलाद स्प्रिंगसारखं धक्के गिळतं, असं सगळे धरून चालले होते. फेरारीकडे चाचण्या झाल्या तेव्हा सरळ पायही धक्का तितकाच, किंबहुना जास्त चांगला पेलतात असं दिसलं. वळण द्यायचं ते वरच्या जोडापाशीच थोडा कोन ठेवून द्यायचं. पुढे सी-४० आली तीही सरळ कार्बनच्या फोर्कसकट. १९९५ च्या पॅरिस-रुबे या फ्रान्समधल्या शर्यतीला, कोल्नागो चालवणाऱ्या मापेई संघाचे प्रमुख स्क्विंझी धास्तावले होते. त्या दगडी रस्त्यावर बाकीचे धक्के शोषणारे फोर्क लावतात आणि आपली पोरं या काडीवर जाणार! कोल्नागो हटले नाहीत. फ्रँको बालेरिनी जिंकला. हाच बालेरिनी १९९३ मध्ये तिथेच अवघ्या आठ सेंटिमीटरनी हरला होता. १९९५ ते २००० या सहा वर्षांत ही शर्यत पाच वेळा कोल्नागोवर जिंकली गेली.

याला मी नातं म्हणतो. फेरारीच्या नावाने नंतर निघालेल्या मर्यादित आवृत्त्यांमध्ये मला ते दिसत नाही.

निळीसावळी:
आडवाट, इतिहास छान मांडलात, पण निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही.

ज्या घोड्याला तुम्ही नुसतं चित्र म्हणता, तो मुळात फेरारीचा नव्हताच. पहिल्या महायुद्धातला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का, त्याच्या विमानावर तो होता. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळ एन्झोने शर्यत जिंकली, तिथून बाराक्काच्या आईवडिलांशी ओळख झाली आणि मुलाचा घोडा तुझ्या मोटारीवर लाव, शुभ ठरेल, असं आईने सुचवलं. ही हकिगत खुद्द एन्झो सांगायचे. घोडा काळाच राहिला, मागे एन्झोच्या मोदेना शहराचा पिवळा रंग आला. त्या विमानाचा कोणता भाग मोटारीत उतरला होता? एकही नाही. तरी ते नातं खोटं होतं असं कोणी म्हणत नाही.

मग तोच घोडा सायकलवर आला की त्याची किंमत शून्य का? एका आईने मुलाची आठवण म्हणून दिलेली खूण शंभर वर्षं हातोहात पुढे जात राहिली, ती आपल्या भिंतीवर असावी असं मला वाटतं. २०१७ ची बियांकी-फेरारी मला हवी आहे ती याचसाठी. आणि बियांकीने स्वतः मोटारी बनवल्या आहेत! १८८५ मध्ये मिलानला सायकलींपासून सुरुवात झाली, पुढे मोटारी आल्या आणि १९५५ मध्ये फियाट व पिरेल्लीबरोबर औटोबियांकी ही मोटार कंपनी निघाली. तिकडे सायकल आणि मोटार ही एकाच घरातली भावंडं आहेत.

पोलादी:
तुम्हा दोघांच्याही नजरेतून खरी गोष्ट सुटली आहे. आडवाट, तुमच्याच कसोटीने बघा: घोडा नसलेली कोल्नागोची पोलादी सायकल ‘मास्टर’ फेरारीच्या जास्त जवळची आहे.

सायकलीच्या नळ्या बनवणाऱ्या कोलंबस कंपनीचे संस्थापक आंजेलो लुईजी कोलोंबो. त्यांचा मुलगा जिल्बेर्तो, त्याच्या कामाचं नाव जिल्को. (फेरारीची इंजिनं आखणारे जोआक्किनो कोलोंबो वेगळे, आडनावावरून गफलत होते.) फेरारीच्या अगदी सुरुवातीच्या मोटारींचे नळ्यांचे सांगाडे या जिल्कोचे. आणि १९८० च्या दशकात आलेल्या मास्टरच्या नळ्यांची रचनाही जिल्कोचीच. मधल्या नळीवर अंगठा फिरवा, गोल लागत नाही. लांबीभर चर पाडलेले असतात, कापली तर आडवा छेद चांदणीसारखा दिसेल. नळी पिळली जाऊ नये म्हणून केलेली ती युक्ती आहे. मोटारीचा सांगाडा आखणाऱ्याचा हात तिथे थेट बोटांना लागतो.

चित्राच्या बाबतीत निळीसावळींचं मला पटतं, पण त्या चित्रासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम पटत नाही. तेवढ्यात मास्टर येईल आणि ती रोज चालवताही येईल.

घाटमाथा:
माझ्याकडे मास्टर आहे आणि त्याच सुमाराची एक कार्बनची इटालियन सायकलही आहे, म्हणून थोडं हाताखालचं सांगतो.

कार्बनची परदेशातल्या एका विक्रेत्याकडून घेतली. फोटोत आरशासारखी होती. घरी आल्यावर सीटचा दांडा हलेचना. कडेला पांढरी भुकटी दिसली, कार्बनला टेकलेलं अॅल्युमिनियम ओलाव्याने खात जातं, त्याची ती. दोन महिने रोज तेल सोडत होतो, शेवटी दांडा कापून आतून करवतीने काढावा लागला. विक्रेत्याने सांगाडा ‘कधीच न चालवलेला’ म्हणून विकला होता. खरंच चालवला नव्हता, आणि म्हणूनच दांडा कोणी कधी काढला नव्हता.

तेव्हा आडवाट, सी-३५ घ्यायचीच असेल तर आधी दांडा पूर्ण बाहेर काढलेला फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या, कितीही दुर्मिळ असो. आणि तिला चालवायचा हट्ट धरू नका. पस्तीस वर्षांपूर्वीचा डिंक आणि कार्बन आतून कसा आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मास्टरवर मी आजही बोरघाट चढतो.

निळीसावळी:
म्हणजे चालवता येत नाही ती भिंतीवरच जाणार ना? मग भिंतीवर घोडा असला तर काय बिघडलं, हाच माझा मुद्दा आहे.

आडवाट:
बाराक्काच्या आईची गोष्ट वाचून ‘नुसतं चित्र’ हे शब्द मी मागे घेतो. नवीन आवृत्त्यांसाठी पैसे मात्र अजूनही घालणार नाही. सी-३५ मनातून गेलेली नाही, पण दांड्याचा फोटो आल्याशिवाय आता बोलणंही करणार नाही.

जिल्कोचा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो माझ्याच कसोटीला सगळ्यांत घट्ट बसतो. घाटमाथा, तुमची मास्टर किती मापाची? ती नळी एकदा हातात धरून बघायची आहे.

घाटमाथा:
छप्पन. पुण्यात असतो, रविवारी सकाळी या. पेडल आणलीत तर चालवूनही बघा.