१ जूनसाठी मे महिन्यातला जन्म

रावपुऱ्याच्या बाई: काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर एका वडिलांनी विचारलं, "मुलगी १९ ऑगस्टची. १ जूनला सहा वर्षं पूर्ण होत नाहीत म्हणून पहिलीत घेत नाहीत. गावी ओळखीने मे महिन्यातल्या जन्माची नोंद करून घेतोय, वर्ष वाचेल. कुणी केलंय का?" खाली नको म्हणणारं एकही माणूस नाही, उलट ११ जणांनी ओळख कुणाची ते विचारलं. मला रात्री झोप लागली नाही.

मी ३३ वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. अशी रेटून आणलेली मुलं जवळून पाहिलीत. एक मुलगा रोज अकराच्या सुमारास बाकावर डोकं टेकून झोपायचा. पेन्सिल मुठीत आवळून धरायचा, 'क'चा काना काढताना कागद फाटायचा. आळशी म्हणून घरी मार खायचा. आळशी नव्हता हो, पाच वर्षांचा होता! सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही सक्ती सातव्या वर्षापासून होती.

ऑगस्टवाल्या मुलीचा बाबा: बाई, तुमचा मान राखून सांगतो, महाराजांच्या काळी सीनिअर केजी नव्हतं. माझी मुलगी दुकानांच्या पाट्या वाचते, मराठी आणि गुजराती दोन्ही. अडीच वर्षांची असताना शाळेनेच नर्सरीत घेतली, फी मोजून घेतली. तेव्हा वय कुणी पाहिलं नाही. आता तिच्या मैत्रिणी पहिलीत जाणार आणि ही बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. "मी नापास झाले का?" विचारते. काय सांगू?

मांडवीकर: २०२३ मध्ये पालक हेच घेऊन गुजरात हायकोर्टात गेले होते. कोर्टाने पालकांनाच सुनावलं, तीन वर्षांच्या आत बालशाळेत धाडणं हेच नियमाविरुद्ध आहे म्हणून.

ऑगस्टवाल्या मुलीचा बाबा: आणि घेणाऱ्या शाळेला?

कारेलीबागेतले आजोबा: शाळेचं राहू द्या, नोकरीचं बोला. माझा खरा जन्म नोव्हेंबर १९५६. वडिलांनी शाळेत १ जून १९५५ घातली, लवकर नाव घालायला. सरकारी नोकरी, ५८ ला निवृत्ती, त्यात पहिल्या तारखेचा जन्म म्हणून आदल्या दिवशीच, ३१ मे २०१३ ला घरी बसलो. दीड वर्षाचा पगार गेला, मुलीचं लग्न तोंडावर होतं. आणि माझ्याहून थोरला चुलतभाऊ, वय कमी लावलेलं, माझ्यानंतर दोन वर्षं खुर्चीत!

मांडवीकर: काका, कमी लावणारे तर सरळ लबाड.

दांडिया बाजारची सून: जपून बोला. माझ्या सासऱ्यांची तारीख मास्तरांनी अंदाजाने घातली. आजेसासूबाई एवढंच सांगत, "होळीच्या आदल्या दिवशी झाला." साल कुणाला ठाऊक? त्यांना लबाड म्हणणार?

मांडवीकर: अंदाज वेगळा, ठरवून केलेलं वेगळं.

कारेलीबागेतले आजोबा: माझ्या भावाने ठरवूनच केलं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मी बोललो तर मीच वाईट झालो.

दांडिया बाजारची सून: काका, मग राग भावावर काढा, आमच्यावर का?

रावपुऱ्याच्या बाई: अहो, मुलीकडे या. बाबा, तिचा जन्म दवाखान्यातला ना? म्हणजे महानगरपालिकेत ऑगस्टची नोंद आहेच. गावची दुसरी नोंद म्हणजे एका पोरीचे दोन जन्म. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. उद्या पासपोर्टच्या वेळी ती कुठला दाखला दाखवेल? आणि तिला वाढदिवस कधीचा सांगणार आहात?

ऑगस्टवाल्या मुलीचा बाबा: ...केक ऑगस्टलाच कापतो.

दोन नोंदींचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ठीक आहे, गावचा फॉर्म भरत नाही. पण बाई, वर्ष माझ्या मुलीचं गेलं, फी पुन्हा मी भरणार, आणि अडीच वर्षांच्या पोरीला वर्गात घेणारी शाळा यंदाही अडीच वर्षांची पोरं घेते आहे. पाटी लावलीय बाहेर, कालच पाहिली.

रावपुऱ्याच्या बाई: ते तुमचं खरं आहे. पाटीचा फोटो काढून ठेवा. तक्रार लिहायला मी बसते तुमच्याबरोबर.