हरितलवकातला जनुकसंच: स्थिर, अविकल की शाबूत?

शेवंती
एका विज्ञानलेखाचा अनुवाद चालू आहे. वनस्पतीची पेशी हरितलवकातला (पानातल्या हिरव्या कणांतला) जीनोम, म्हणजे तिथला सगळा डीएनए, कसा सांभाळते, हा विषय. 'जीनोम स्टॅबिलिटी'ला मी 'जनुकसंचाचे स्थैर्य' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'स्थिरता' केलं. स्थैर्य सरकारला, बाजारभावाला, मनाला असतं, रेणूला नाही, असं त्या म्हणतात. मला तर दोन्ही सारखेच वाटतात. तुम्ही काय लिहाल?

गोदाकाठ
शूर-शौर्य-शूरता, तसंच स्थिर-स्थैर्य-स्थिरता. प्रत्ययावरून भांडण्यात अर्थ नाही, अडचण 'स्थिर'चीच आहे. स्थिर म्हटलं की काही हलत-मोडत नाही असं वाटतं. हरितलवकात नेमकं उलट. जिथे प्रकाशसंश्लेषण चालतं तिथेच ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, ते डीएनएला इजा करतात, धागे तुटतात आणि पेशी ते सतत सांधत बसते. मी सरळ 'जनुकसंच शाबूत राखणे' लिहीन.

उंबरठा
शास्त्रीय मजकुरात 'शाबूत'? 'अविकल' घ्या, म्हणजे काही उणं न झालेला. अविकल, अविकलता, वैकल्य: एका शब्दामागे सगळं कुटुंब मिळतं. शाबूतचं भाववाचक नाम काय करणार?

गोदाकाठ
नाम हवंच कशाला? मराठी वाक्य क्रियापदावर छान चालतं. आणि शाबूत ज्या अरबी मुळातून आला, तिथे अर्थ 'पक्का, ठाम' असाच आहे, म्हणजे तोही स्थिरच. 'मोडतोड न झालेला' ही छटा आपण चढवली. डोकं शाबूत, भिंत शाबूत. हीच छटा इथे हवी आहे. 'वैकल्य' तर व्रतासोबत येतं, वाचक उपासतापासाकडे जाईल.

उंबरठा
व्रतवैकल्यातही मूळ अर्थ उणेपणाचाच आहे. वाचकाला तो माहीत नसेल तर शब्द टाकून द्यायचा का? असं करत करत अर्धा कोश बाद होईल.

काळीशार
मी जीवशास्त्र शिकवते. शब्दाआधी घडतं काय ते पाहू या. हा डीएनए एकच एक नसतो. पानाच्या एका पेशीत त्याच्या हजारभर, कधी त्याहून कितीतरी जास्त प्रती असतात. तंबाखूच्या हरितलवकाचा जनुकसंच १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पूर्ण वाचला. सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरं, म्हणजे डीएनएच्या साखळीतले दुवे. त्यातला जवळजवळ २५ हजार अक्षरांचा एक तुकडा दोनदा येतो, दुसऱ्यांदा उलट्या दिशेने. एका प्रतीत बिघाड झाला की दुसरी चांगली प्रत समोर ठेवून दुरुस्ती होते, पोथ्या ताडून पाठ शुद्ध करावा तशी. म्हणूनच त्या जोडतुकड्यांत बदल कमी साठतात. (वाटाणा आणि हरभऱ्यात मात्र जोडीतला एक तुकडा उत्क्रांतीत गळून गेलाय. तुरीत शाबूत आहे. बघा, मीही तोच शब्द वापरला.)
तेव्हा नुसती मोडतोड टाळणं नव्हे, प्रतींचा एकमेकींशी मेळ राखणं हाही अर्थ यायला हवा. तो 'शाबूत'मध्ये येत नाही, 'अविकल'मध्येही नाही.

शेवंती
हे उपयोगी पडलं. लेखात एमएसएच-१ या जनुकाचा परिच्छेद आहे. ते असतं केंद्रकात, पण त्याचं प्रथिन हरितलवकात आणि तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जाऊन चुका दुरुस्त करायला लावतं. ते बिघडलं की पानं हिरवी-पांढरी निघतात. 'व्हेरिगेटेड' पानांना काय म्हणू?

रानजाई
बांडी पानं. बांडा बैल असतो तशी.

उंबरठा
शबल. शबलपर्णी.

गोदाकाठ
कबरी. शबल कुणाच्या बोलण्यात नाही.

रानजाई
कबऱ्यात ठिपके बारीक, बांड्यात पट्टे मोठे. आमच्याकडे गुरांच्या बाजारात हा फरक कुणी चुकवत नाही. पानावर अर्धी बाजू हिरवी, अर्धी पांढरी असेल तर बांडंच.

काळीशार
काहीही घ्या, फक्त 'केवडा पडलेली' लिहू नका. भेंडीचा केवडा विषाणूचा, पांढऱ्या माशीतून पसरतो. इथे बिघाड वारशाने येतो आणि तोही आईकडून. जनुकशास्त्रज्ञ रेडेई यांनी १९७३ मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसवर दाखवलं होतं की केंद्रकातलं चांगलं जनुक परत आणलं, तरी एकदा झालेला बिघाड पुढच्या पिढ्यांत उतरत राहतो. त्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ कोरेन्स यांनी गुलबक्षीवर पाहिलं होतं: पांढऱ्या फांदीवरच्या फुलाच्या बीचं रोप पांढरंच, पराग कुठल्याही फांदीचा असो.

रानजाई
गुलबक्षी हा रंग झाला. झाड गुलबास. गुल-ए-अब्बासवरून आलाय.

उंबरठा
आमच्या घरी तीन पिढ्या झाडालाच गुलबक्षी म्हणतात, रंगाचं नाव त्यावरून पडलं.

रानजाई
मग 'बक्षी' कुठून आलं ते सांगा.

शेवंती
सोमवारी मजकूर द्यायचाय. शीर्षकात 'स्थैर्य'च ठेवतेय, आत 'शाबूत राखणे'. काळीशारताई, प्रतींचा मेळ राखण्याला एक शब्द सुचला तर रविवारपर्यंत नक्की कळवा.

गोदाकाठ
गुलबक्षी मीही झाडालाच ऐकलंय, नाशकाकडे. कोकणातल्या कुणी सांगेल का?