आपली मंडळी, आपली भांडणं: अनुभव लिहा

काळी दोन
काल गावाकडच्या ग्रुपवर चर्च कमिटीच्या निवडणुकीची यादी आली. दोन पॅनेल, दोन्हींत माझे चुलतभाऊ. हसू आलं आणि बाबा आठवले.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. शाळेमागच्या जागेवरून कमिटीत जुंपली आणि बाबा न् मोठ्या काकांचं बोलणं बंद झालं. बाबा पेटी वाजवायचे, काका दानाची थैली फिरवायचे. म्हणजे दर रविवारी थैली पेटीपाशी येणार, बाबा पैसे टाकणार, आणि दोघं दोन दिशांना बघणार. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, पाळकसाहेब पुढे बोलावत तेव्हा बाबा पेटीवरून उठायचेच नाहीत. आधी भावाशी समेट कर मग वेदीपाशी ये, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे ना. आई म्हणायची, "मग करा की समेट!" तर म्हणे, "भाकर घेत नाही, एवढा प्रामाणिकपणा पुरे." काकाही घेत नव्हते हे मला फार उशिरा कळलं. दान मोजायच्या निमित्ताने ते मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

पण चर्च दोघांनीही सोडलं नाही. तुमचं काय? का टिकलात, का सोडलंत? कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मुक्तिफौज, सगळे या.

तिसरी घंटा
आमच्याकडे पेटी की कीबोर्ड यावरून दोन उपासना झाल्या. आठला म्हातारे, दहाला पोरं. चहा आठवाल्यांचा चांगला असतो, म्हणून दहावाले साडेनऊलाच हजर. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

पुण्याचा बाक
चहावरून आठवलं. १८९० ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडे चहाबिस्किटं झाली. रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी होती. त्यावरून ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. एवढा महागाचा चहा आपल्यात परत झाला नाही. (विषयाशी संबंध नाही, माहीत आहे.)

शेवगावकर
पेटी-कीबोर्ड ठीक आहे. आमचं दुखणं वेगळं.

पणजोबा महारवाड्यातून मिशनमध्ये आले. गावच्या चर्चमध्ये मांगवाड्यातले मागे बसायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पुढे यायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं. आता बाकं सगळ्यांची झाली, पण सोयरीक निघाली की दुसराच प्रश्न, "मूळचे कोण?" त्यात कागदांची भानगड. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक आणि चर्चच्या वहीत दुसरं. पोराने फॉर्म भरताना विचारलं, "पप्पा, यात आपण कोण?" मी म्हटलं, पेन ठेव, आधी जेव.

पाळक यावर एक शब्द बोलत नाहीत. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, हा पाठ वाचतात आणि खाली बसतात.

तरी जातो. माझ्या आजीला घराबाहेर कुणी पूर्ण नावाने पहिल्यांदा बोलावलं ते तिथे. मिशनच्या बाईंनी तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. म्हातारपणी शुभवर्तमान वाचताना ओळीवर बोट ठेवायची आणि मध्ये कुणी बोललं की चिडायची. ते सोडून कुठं जाऊ?

काळी दोन
शेवगावकर दादा, वाचलं. बहिणीच्या वेळी "मूळचे कोण" बाबांनीच विचारलं होतं. तेच बाबा, भाकर न घेणारे.

पापडीची लेक
मी वसईची. इथे भांडण पार्किंगचं!! मागच्या रविवारी फादरांच्या प्रवचनात येशूपेक्षा स्कूटर जास्त वेळा आली.

काळी दोन, तुझ्या बाबांचं वाचून थांबले जरा. माझं दुसरं लग्न कोर्टात झालं, पहिलं चर्चच्या दृष्टीने अजून उभंच आहे. त्यामुळे ख्रिस्तप्रसाद (तुमचं प्रभुभोजन) नाही. मिस्सेला, म्हणजे आमच्या उपासनेला, जाते, पण रांग लागली की बाकावर बसून राहायचं, गुडघे आकसून बाकीच्यांना वाट द्यायची. सुरुवातीला मोबाईल काढायचे, बिझी असल्यासारखं. शेजारची एक म्हातारी रांगेतून परतताना माझ्या डोक्यावर हात ठेवते, बोलत काही नाही. एकदाच बोलली. मी आदल्या दिवशी केस रंगवले होते आणि रंग तिच्या हाताला लागला. "नीट धुवायचेस तरी!"

फादर चांगले आहेत हं. नियम त्यांनी थोडाच केलाय. पण सूट देणारेही ते नाहीत.

रविवार सकाळ
मी सोडलं. वार्षिक सभेत वर्गणीचा हिशेब मागितला. पुढच्या रविवारी आईच्या दुखण्यासाठी प्रार्थनेची चिठ्ठी दिली होती, ती वाचलीच नाही. चिठ्ठी हरवली म्हणे. मग एका फेलोशिपमध्ये गेलो. माणसं प्रेमळ, मिठ्या मारणारी, पण दर आठवड्याला दशांशावर, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा द्या यावर, प्रवचन. आता कुठेच जात नाही. कृपया "परत या" लिहू नका, ते मेसेज पुष्कळ आलेत.

टिळकांची भजनं मात्र म्हणतो (आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हेत). तेही १९१७ ला मिशनचं काम सोडून देवाचा दरबार काढायला निघालेच होते. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना जागा. दोन वर्षांत गेले, नाहीतर मी त्या दरबारात असतो.

पुण्याचा बाक
दरबारात पण कमिटी झाली असती हो.

रविवार सकाळ
😄 आणि मी हिशेब मागितला असता.

तिसरी घंटा
आले. "परत या" लिहीत नाही. आई कशा आहेत?

रविवार सकाळ
२०१९ ला गेली. विचारलंत, बरं वाटलं.

केडगाव लाइन
थोडं अवांतर. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टरशी पुढे पत्रांतून भांडत राहिल्या. बिशप सांगतील ते डोळे मिटून मान्य करणार नाही म्हणाल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आमच्या महिला मंडळात त्यांच्या फोटोला हार घालतात आणि एखादीने प्रश्न विचारला की "ताई, शांततेनं घ्या."

शुक्रवारवाला
दुबईत आहे. २०२२ च्या आधी इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. एकाच आवारात मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, सगळ्यांच्या उपासना एकामागून एक. आम्ही मूठभर मराठी, हॉल वेळेवर रिकामा करायचा असतो म्हणून भांडायलाच वेळ मिळत नाही. गावच्या कमिटीची भांडणं व्हॉइस नोटवर ऐकतो, झोप छान लागते.

सातारची सून
मी लिहू का? जन्माने ख्रिस्ती नाही, अजूनही नाही. नवऱ्याबरोबर जाते. पहिल्या नाताळाला महिला मंडळातल्या एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला कशाला ओळीत उभी करता, गाणं येतं का हिला?" सासूबाई म्हणाल्या, "अनारसे येतात तिला. तुमचे विरघळलेत." तेव्हापासून फराळाच्या कढईवर माझा कायमचा ताबा. बाप्तिस्म्याचं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं. सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही. म्हणूनच जाते बहुतेक.

पापडीची लेक
अनारसे ख्रिस्ती फराळात!! आमच्याकडे फुगे. पाठव पाठव.

सातारची सून
देवाणघेवाण करू. फुगे कसे करता?

पापडीची लेक
मैदा, अंडी, साखर, नारळाचं दूध, ताडी. पीठ फुगू द्यायचं, मग मुठीत घेऊन अंगठ्याजवळून पिळून एकेक गोळा तेलात. ताडी नसेल तर यीस्ट.

सातारची सून
ताडी कुठली मिळायला इथे. यीस्टच. नाही फुगले तर तुमच्या नावाने ओरडेन.