मदत हवी आहे: मोसंबीवरचा पतंग, युडोसिमा फलोनिया की होमीना?

फळातला रस शोषणाऱ्या, युडोसिमा वंशातल्या पतंगाचे तीन फोटो जोडले आहेत. मागचे पंख नारिंगी, कडेला काळा पट्टा, मध्ये काळा वाकडा डाग. याच वंशातली मटेर्ना ही जात नाही हे नक्की, कारण तिचा डाग सुटा आणि गोल असतो. अडतं ते फलोनिया आणि होमीना यांच्यात. मागच्या पंखाचा कडेचा पट्टा पाहावा की पुढच्या पंखाची नक्षी? नर-मादीची नक्षी वेगळी असल्याने पुढच्या पंखावर माझा फारसा भरवसा नाही.

ग्रुपवर कोणीतरी याला कॅटोकाला (रंगीत मागच्या पंखांच्या पतंगांचा दुसरा वंश) म्हटलं. रंग फसवतो खरा. दोन्ही आता एरेबिडी कुळात आहेत (जुन्या पुस्तकांत नॉक्टुइडी सापडेल), पण कॅटोकाला एरेबिनी उपकुळात, युडोसिमा कॅल्पिनीत. शिवाय युडोसिमाची सोंड टणक, टोकाला काटेरी असते, म्हणून ती साल भोकसते. कॅटोकालाला ते जमत नाही.

मागचा पंख दिसावा म्हणून पुढचा पंख मऊ ब्रशने पुढे सरकवून काढलेला फोटो ओळखीसाठी चालेल, की जननेंद्रियं तपासावीच लागतील? बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर अळ्याही आहेत. अळीवरून जात सांगता येते का?