आईच्या बायोप्सीचा ब्लॉक संशोधनात संपला. उरलेल्या नमुन्यावर पहिला हक्क कुणाचा?

परळची_वारी
आईला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात बायोप्सी झाली, केमो सुरू झाली. सेकंड ओपिनियनसाठी मुंबई गाठली तर तिथले डॉक्टर म्हणाले, ईजीएफआर तपासणी करून घेऊ, म्हणजे गाठीतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल झालाय का ते कळेल. आईनं जन्मात तंबाखू-मिश्रीला हात लावलेला नाही. अशा बायकांमध्ये हा बदल बऱ्याचदा सापडतो, आणि सापडला तर केमोऐवजी गोळ्यांवर भागू शकतं. त्यासाठी जुना ब्लॉक लागणार होता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळीदार डबी, तिच्यावर मेणाची वडी आणि त्या मेणात शेवईच्या तुकड्यासारखी बारीक रेघ. ती रेघ म्हणजे माझ्या आईचं फुप्फुस. आम्हाला मिळालेल्या वडीत रेघच नव्हती. मुंबईच्या लॅबचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, यात टिश्यू उरलेला नाही."

चौकशी केल्यावर कळलं की रुग्णालयातल्या एका अभ्यासासाठी त्यातले काप काढले होते. संमतीचं विचारलं तर त्यांनी अ‍ॅडमिशनचा चार पानी इंग्रजी फॉर्म पुढे केला. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, उरलेला नमुना शिक्षण व संशोधनासाठी वापरता येईल. खाली सही माझीच. रात्री साडेअकराला, आईला ऑक्सिजन लावत असताना केलेली.

आता ६८ वर्षांच्या बाईला पुन्हा सुई टोचायची. मी संशोधनाच्या विरोधात नाही. पण नमुन्यावर पहिला हक्क रुग्णाच्या उपचाराचा. त्यानंतर काही उरलं आणि ते हवं असेल, तर आम्हाला वेगळं विचारा, आमच्या भाषेत विचारा. दाखल होतानाची सही ही संमती नव्हे.

मायक्रोटोम
ताई, मी १४ वर्षं पॅथॉलॉजीत ब्लॉक कापतोय. तुमच्या बाबतीत झालं ती सरळसरळ चूक आहे. ब्लॉकमधला शेवटचा टिश्यू संशोधनाला द्यायचा नाही, पुढच्या तपासणीसाठी राखायचा, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं जातं. ज्यानं तो दिला त्याला जाब विचारलाच पाहिजे.

पण त्यावरून "प्रत्येक उरलेल्या नमुन्यासाठी वेगळी संमती" ही मागणी मला पटत नाही. १९६० साली आफ्रिकेत, काँगोमधल्या किन्शासात एका बाईच्या लसिकाग्रंथीची बायोप्सी झाली आणि तो ब्लॉक तसाच पडून राहिला. त्यात एचआयव्ही सापडला, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच शहरातल्या १९५९ च्या एका रक्ताच्या नमुन्याशी तो ताडून पाहिला, तेव्हा हा विषाणू विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच माणसांत फिरत होता असं दिसलं. १९६० मध्ये त्या बाईला काय विचारणार होता? तेव्हा एड्स हे नावही नव्हतं. १९१८ च्या फ्लूचंही तेच. त्या साथीत गेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसाचे मेणातले तुकडे जपून ठेवले होते, म्हणून जवळजवळ ८० वर्षांनी त्या विषाणूची जनुकं वाचता आली. जपून ठेवलं नाही तर टिश्यू शेवटी रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि जळतो. नाव-पत्ता काढून टाकलेल्या, निदान पूर्ण झालेल्या नमुन्यांना एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती, संमतीतून सूट देऊ शकते, आणि ती सोय राहायलाच हवी.

काळा_कोट
दोघांसाठीही थोडी माहिती. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. नमुन्याचा आणि त्यातल्या माहितीचा मालक तो देणारा माणूस, संस्था फक्त विश्वस्त. संमती मागे घेण्याचा हक्कही त्यात आहे. २०१९ च्या औषध व चाचणी नियमांनी आरोग्य संशोधनाला ही तत्त्वं लागू केली आहेत. मायक्रोटोम म्हणतात ती सूटही याच तत्त्वांत आहे, मात्र ती समितीनं द्यायची, विभागानं परस्पर घ्यायची नाही.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये जॉन मूर या रुग्णाच्या खटल्यात उलट धरलं होतं. त्याच्या काढलेल्या प्लीहेतून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशींची मालिका तयार करून पेटंट घेतलं. कोर्ट म्हणालं, शरीरातून निघालेल्या पेशी त्याची मालमत्ता नाहीत, पण डॉक्टरांनी आपला हेतू त्याला सांगायला हवा होता. आपल्याकडे मालकी कागदावर मान्य आहे. ताई, एथिक्स कमिटीकडे लेखी अर्ज करा. अभ्यासाचं नाव, मंजुरीची तारीख आणि सूट दिली होती का, एवढं मागा.

धडगावकर
"आमच्या भाषेत" हे वाचून लिहावंसं वाटलं. मी सातपुड्यातल्या पाड्यावरचा. आमच्या घरात पावरी बोलतात, मराठी फॉर्मही आजीला इंग्रजीइतकाच परका. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला गाड्या येतात. तपासणी हवीच, माझी चुलत बहीण त्याच आजारानं गेली. पण काही वर्षांपूर्वी एक टीम आली, दोन-दोन नळ्या रक्त घेतलं, अंगठे घेतले. एका नळीचं कार्ड आलं. दुसरीचं काय झालं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

अमेरिकेत हवासुपाई जमातीनं १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं. त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि जमात मुळात कुठून आली यावर काम झालं. ते लोक मानतात की त्यांचा जन्मच ग्रँड कॅन्यनच्या दरीतला, आणि त्यांच्याच रक्तातून त्यांना खोटं ठरवायला निघाले. २०१० मध्ये तडजोड झाली, ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले. मायक्रोटोम दादा, नाव-पत्ता काढून टाकला तरी जमात काढता येत नाही. आमची माणसं थोडी, आजार ठरावीक. "अमुक तालुक्यातले पावरा" एवढं लिहिलं की सगळे ओळखू येतात.

मायक्रोटोम
हा मुद्दा मी धरला नव्हता. जमातीच्या बाबतीत सूट नको, हे मान्य. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातल्या हजारो ब्लॉकबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

रिकामा_पाळणा
मी वेगळ्या कारणानं ताईंच्या विरोधात आहे. आमचा मुलगा सहाव्या वर्षी ल्युकेमियानं गेला. त्या आठवड्यात मी २०-२२ सह्या केल्या असतील. त्यात आणखी एक कागद घेऊन कुणी समजावायला आलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आज कुणी सांगितलं की त्याच्या बोनमॅरोचा एखादा थेंब कुठल्या तरी फ्रीझरमध्ये आहे आणि त्यावर काम चाललंय, तर मला बरं वाटेल. वेगळं विचारण्याचा नियम केलात तर माझ्यासारखे रागाच्या भरात नाही म्हणतील आणि पुढे आयुष्यभर चुटपुट लागेल.

परळची_वारी
दादा, तुमच्यापुढे वाद घालायला जीभ रेटत नाही, तरी लिहिते. विचारायचं ते त्या रात्री नकोच. चौथ्या दिवशी विचारा, महिन्यानं फॉलोअपला विचारा. नमुना मेणात आहे, कुठे पळून जात नाही. आणि फ्रीझरमध्ये काम चाललंय हे कळलं तर बरं वाटेल म्हणता, पण आज ते तुम्हाला कळवायला कुणी बांधील आहे का? मला ब्लॉक रिकामा निघाला म्हणून कळलं.

मायक्रोटोम दादा, हजारो ब्लॉकच्या त्या ढिगात माझ्या आईचाही एक होता. "निदान पूर्ण झालेला नमुना" असंच कुणीतरी त्यावर ठरवलं असणार, आणि आठ महिन्यांत नवी तपासणी निघाली. कॅन्सरच्या रुग्णाचं निदान पूर्ण कधी होतं?

मायक्रोटोम
याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. रुग्ण हयात असेपर्यंत किमान एक ब्लॉक कुलपात राहावा, त्याला समितीचीही सूट लागू नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. जुन्या, गेलेल्या माणसांच्या ब्लॉकवर मात्र नाही. पुन्हा बायोप्सी कधी आहे?

परळची_वारी
गुरुवारी.

मायक्रोटोम
मग आधीच सांगून ठेवा. सुईच्या सगळ्या रेघा एकाच ब्लॉकमध्ये घालू नका म्हणावं, दोन ब्लॉक करा. एकाचे काप रंगवून निदान होऊ दे, दुसरा न कापता ईजीएफआरसाठी ठेवायचा. तपासणीच्या फॉर्मवरही तसं लिहायला लावा, तोंडी सांगितलेलं लॅबपर्यंत पोचत नाही.

परळची_वारी
लिहून घेतलं. फॉर्मवर माझ्यासमोर लिहायला लावते.