अल्काट्राझमधली मांडणशिल्पं: तुरुंगात कला हवीच कशाला?

खडूस_पुणेकर (धागाकर्ता): सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्काट्राझ बेटावरच्या जुन्या तुरुंगात सप्टेंबर २०१४ ते एप्रिल २०१५ चिनी कलावंत आय वेईवेईची सात मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन्स) होती. विषय राजकीय कैदी. लोक त्याबद्दल अजून भारावून बोलतात, म्हणून हा धागा. गंजलेल्या गजांकडे बघून पोटात जे कालवतं, त्यावर आणखी फोडणी कशाला? तिबेट, बहारीन, व्हिएतनाममधल्या कैद्यांची दुःखं आणून मांडायची कुठे, तर अल कपोनसारख्या गुंडाच्या तुरुंगात! आणि कैद्यांचे १७६ चेहरे कशाचे, तर लेगोच्या ठोकळ्यांचे. शिवाय ज्याने हे केलं त्याने ते बेट कधी पाहिलेलंही नव्हतं.

शर्वरी: कसं पाहणार? २०११ मध्ये चीन सरकारने त्याला ८१ दिवस डांबलं आणि पासपोर्ट काढून घेतला. तो परत मिळाला जुलै २०१५ मध्ये, प्रदर्शन आटोपल्यावर. सगळं बीजिंगमध्ये बसून आखलं, लेगो जोडायला सॅन फ्रान्सिस्कोतले स्वयंसेवक होते. आणि कपोनचा तुरुंग ही १९३४ नंतरची गोष्ट. त्याआधी तो लष्करी तुरुंग होता. १८९५ मध्ये होपी या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीच्या १९ पुरुषांना तिथे कोंडलं होतं. पोरांना सरकारी निवासी शाळेत धाडायला ते तयार नव्हते. तुरुंगाच्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठीच्या कोठड्यांमध्ये तिबेटी मंत्रपठणासोबत होपी गाणी लावली होती, ती उगाच नाही.

बे_एरियाकर: मी पाहिलंय. तिकीट नेहमीच्या फेरीबोटीचंच, सोबत सासू-सासरे. जुन्या कारखान्याची इमारत एरवी बंद असते. तिथे तिबेटी सौरचुलींच्या पत्र्यांचा पाच टनांहून जड पंख होता. जवळ जाता येत नाही. बंदूकधारी पहारेकरी ज्या अरुंद गॅलरीतून कैद्यांवर नजर ठेवायचे, तिथूनच फुटक्या काचांतून खाली बघायचं. म्हणजे आपणच पहारेकरी! सासरे म्हणाले, "चला, इथे उभं राहवत नाही." नुसत्या रिकाम्या कारखान्याने हे झालं नसतं.

नाना: पंख ठीक. पण ती पोस्टकार्डं? जेवणघरात बसून छापील पत्त्याच्या कार्डावर कुठल्याशा कैद्याला दोन ओळी खरडायच्या आणि परतीची बोट पकडायची. पुण्य पदरात!

शर्वरी: नाना, पत्र आलं की बाहेर कुणाला तरी या माणसाचं नाव माहीत आहे, हे तुरुंगाधिकाऱ्यालाही कळतं. आणि लेगोच्या चेहऱ्यांत अमेरिकी सरकारची गुपितं फोडणारे स्नोडेन आणि मॅनिंगसुद्धा होते. बेट अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचं. सरकारी जागेत सरकारला नकोसे असलेले चेहरे. आपल्याकडे परवानगीचा कागद तरी पुढे सरकला असता का?

खडूस_पुणेकर: परवानगी देणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण फरशीभर रांगोळीसारखे रंग पसरलेत, त्यात स्नोडेन कुठला आणि वीस वर्षं सडलेला कुठला? लोक फोटो काढून पुढे जातात. तिथे बाराच कोठड्यांमध्ये एकेक स्टूल ठेवून चिलीचा व्हिक्टर हारा, नायजेरियाचा फेला कुटी अशा सरकारला नकोशा गायकांची गाणी ऐकवली होती. तेवढंच पुरेसं होतं.

मिल्या: अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम होतो, त्यात पिंपळ गोष्ट सांगतो. तिथे कुणी म्हणत नाही, भिंती असताना पिंपळ कशाला?

खडूस_पुणेकर: मी म्हणतो! पिंपळालाही गप्प करा. पंख राहू द्या, लेगो उचला.