गळतीच्या जागेपासून गॅस गोलाकार पसरतो का?

जमिनीखालच्या गॅस पाइपलाइनच्या गळतीबद्दल एक दावा असा की मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) हवेपेक्षा हलका, म्हणून तो सरळ वर निघून जातो आणि गॅस कसा पसरेल याच्या गणिती मॉडेलमध्ये जमीन सगळीकडे एकसारखी धरली तरी चालतं. पहिला भाग कोरड्या, उघड्या मातीपुरता पटतो. दुसरा अजिबात नाही. मातीतल्या पोकळ्यांत पाणी किती, यावर सगळं ठरतं. वायूचं विसरण (म्हणजे आपोआप पसरत जाणं) पाण्यात हवेच्या सुमारे दहा हजार पट मंद असतं. मातीतून वायू किती वेगाने पसरतो याचं मिलिंग्टन आणि क्वर्क यांचं 1961चं सूत्र लावून बघा: सच्छिद्रता (मातीतल्या एकूण पोकळीचं प्रमाण) तीच ठेवून हवेने भरलेली पोकळी निम्मी केली, की विसरण जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे पावसाने वरचा थर भिजला किंवा वर डांबर-काँक्रीट असलं, की गॅस आडवा सरकतो, केबलच्या चराच्या भुसभुशीत भरावातून थेट घराच्या पायापर्यंत.

आपल्याकडची काळी माती तर आणखी अवघड. मे महिन्यात तिला खोल भेगा पडतात, जुलैत फुगून त्या मिटतात. एकाच पाइपलाइनसाठी उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं मॉडेल वेगळंच हवं. शिवाय गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाला माती शोषून घेऊ शकते, त्यामुळे ‘वास नाही म्हणजे गळती नाही’ हे कृपया कुणी धरून चालू नका.